सायकेडेलिक अनुभव, व्यक्तिमत्त्व आणि समानुभूती : एका अनुभवाने माणूस बदलतो का?



बारावीच्या मानसशास्त्राच्या तासाला 'व्यक्तिमत्त्व' हा घटक चालू होता. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "सर, मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस सांगत होता की एका प्रकारची अळंबी खाल्ल्यावर त्याचा अहंकार गळून पडला आणि त्याला सगळ्यांबद्दल प्रेम वाटायला लागलं. असा एका दिवसात माणूस चांगला होतो का?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी न्यावा असा नव्हता. एकीकडे आपण शिकतो की व्यक्तिमत्त्व सहजासहजी बदलत नाही, आणि दुसरीकडे कुणीतरी सांगतं की सहा तासांत सगळं बदललं. दोन्हींतलं खरं काय? 'वाईट आहे, विषय बंद' एवढंच उत्तर दिलं तर मुलं गप्प बसतात, पण मग उत्तर शोधायला परत त्या व्हिडिओकडेच जातात. म्हणून आजच्या पाठात हा विषय नीट, टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

पाठाची उद्दिष्टे

1. सायकेडेलिक द्रव्ये म्हणजे काय ते समजणे.
2. मनाची 'अवस्था' आणि व्यक्तिमत्त्वाचा 'गुण' यांतला फरक सांगता येणे.
3. समानुभूतीचे दोन प्रकार ओळखता येणे.
4. एखाद्या संशोधनाचा निष्कर्ष कितपत ग्राह्य धरायचा याचा विचार करता येणे.

1) सायकेडेलिक म्हणजे काय?

ग्रीक भाषेत 'सायकी' म्हणजे मन आणि 'डेलोस' म्हणजे प्रकट. मनात दडलेलं प्रकट करणारं ते सायकेडेलिक. हा शब्द हम्फ्री ऑसमंड या मानसोपचारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात घडवला. एलएसडी, विशिष्ट अळंब्यांमध्ये सापडणारं सिलोसायबिन, काही निवडुंगांतलं मेस्कलिन ही या गटातली मुख्य द्रव्यं. मराठी पुस्तकांत यांना 'भ्रमजनक द्रव्ये' असंही म्हटलेलं असतं.

एलएसडी प्रथम तयार केलं ते स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने, 1938 साली. त्याचा मनावर होणारा परिणाम मात्र पाच वर्षांनी, एप्रिल 1943 मध्ये, त्यांना स्वतःवरच कळला. पुढे 1958 साली त्यांनीच मेक्सिकोतल्या अळंब्यांमधून सिलोसायबिन वेगळं केलं. 1950-60 च्या दशकांत या द्रव्यांवर पुष्कळ संशोधन झालं. नंतर गैरवापर वाढला, कायदे कडक झाले आणि संशोधन जवळजवळ थांबलं. ते पुन्हा जोमाने सुरू झालं या शतकाच्या सुरुवातीला.

मेंदूत ही द्रव्यं मुख्यतः सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहीवर काम करतात. त्याला सेरोटोनिन 2ए ग्राही म्हणतात. हा ग्राही दुसऱ्या औषधाने आधीच अडवून ठेवला, तर सिलोसायबिनचा भ्रमजनक परिणाम होत नाही, हे झुरिचच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं. म्हणजे यात गूढ किंवा दैवी काही मानायची गरज नाही. कुलूप-किल्लीचा हिशोब आहे. मात्र किल्ली फिरल्यावर दार कुठल्या खोलीत उघडतं, हे फक्त किल्लीवर ठरत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

2) अवस्था वेगळी, गुण वेगळा

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे येऊ. व्यक्तिमत्त्वाचं 'पंचघटक प्रतिमान' तुम्हाला माहीत आहे:

- अनुभवांविषयी खुलेपणा – नवीन कल्पना, कला, वेगळे विचार यांची ओढ
- कर्तव्यदक्षता – शिस्त, नेटकेपणा, जबाबदारी
- बहिर्मुखता – लोकांत रमणे
- सौहार्द – जुळवून घेणे, विश्वास, मदत
- भावनिक अस्थिरता – चटकन घाबरणे, चिंता, उदासी

हे झाले गुण. गुण म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारी वागण्याची ठेवण. याउलट अवस्था ही येते आणि जाते. सहलीला गेल्यावर वर्गातलं सगळ्यात अबोल पोरगंसुद्धा बसमध्ये गाणी म्हणतं. म्हणून ते बहिर्मुख झालं का? नाही. सोमवारी वर्गात ते परत कोपऱ्यातच बसतं.

सायकेडेलिकच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारायचा आहे. द्रव्याचा अंमल असताना प्रेम वाटलं, ही अवस्था झाली. अंमल उतरल्यावर, महिन्याने, वर्षाने तो माणूस वेगळा वागतो का, हा गुणाचा प्रश्न. व्हिडिओतला माणूस सांगतो ते बहुतेक वेळा पहिल्याबद्दल असतं आणि ऐकणारा समजतो दुसऱ्याबद्दल.

3) व्यक्तिमत्त्वावर काय परिणाम दिसला?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 36 निरोगी प्रौढांना सिलोसायबिन देऊन एक अभ्यास केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. या लोकांची आधी कसून तपासणी केली होती, तयारीच्या बैठका झाल्या होत्या, आणि प्रयोगाच्या दिवशी दोन प्रशिक्षित माणसं पूर्ण वेळ शेजारी बसलेली होती. दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांनी हा अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत मोडतो असं सांगितलं. त्यांच्या वागण्यात थोडा चांगला बदल झाल्याचं ओळखीच्या माणसांनीही नोंदवलं. आणि हेही वाचा: एवढी काळजी घेऊनसुद्धा सुमारे एक तृतीयांश लोकांना त्या काही तासांत कधी ना कधी तीव्र भीती वाटली. व्हिडिओत हा भाग सहसा येत नाही.

पुढे 2011 मध्ये याच विद्यापीठातल्या कॅथरिन मॅक्लिन आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांतल्या 52 जणांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या तपासल्या. पाच घटकांपैकी चार घटकांत काही फरक नव्हता. एकाच घटकात वाढ दिसली, 'अनुभवांविषयी खुलेपणा' यात. त्यातही ही वाढ सगळ्यांत नव्हती. ज्यांना अनुभवात गूढ एकात्मतेची जाणीव झाली, 'मी' आणि 'बाकी जग' यांतली भिंत विरघळल्यासारखं वाटलं, त्या 30 जणांत ती दिसली आणि वर्षभरानंतरही बऱ्यापैकी टिकून होती. उरलेल्या 22 जणांत फरक पडला नाही. द्रव्य तेच, जागा तीच, तरी परिणाम वेगळा.

तिशीनंतर व्यक्तिमत्त्व फारसं बदलत नाही असा आपला समज असल्यामुळे या निष्कर्षाची खूप चर्चा झाली. पण विज्ञानात एका अभ्यासावर थांबायचं नसतं. पुढचे अभ्यास पाहा.

- लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये, औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या रुग्णांना मानसोपचाराच्या जोडीने सिलोसायबिन दिलं. तीन महिन्यांनी त्यांची भावनिक अस्थिरता कमी झालेली, बहिर्मुखता आणि खुलेपणा वाढलेला दिसला (2018).
- बासेलमध्ये निरोगी स्वयंसेवकांना एलएसडी देऊन वर्षभराने पाहिलं. बहुतेकांच्या मते अनुभव फार मोलाचा होता, पण व्यक्तिमत्त्व चाचणीत टिकाऊ बदल दिसला नाही (2018).
- इम्पीरियल कॉलेजच्याच 59 नैराश्यग्रस्त रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात सिलोसायबिनची तुलना एस्सिटॅलोप्रॅम या नेहमीच्या औषधाशी केली. मानसोपचाराचा आधार दोन्ही गटांना होता. व्यक्तिमत्त्वातले चांगले बदल दोन्ही गटांत बरेचसे सारखे आढळले.

या तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबा. दोन्ही गटांत बदल सारखे असतील, तर तो बदल सायकेडेलिकचा, की नैराश्य कमी झाल्याचा, की कुणीतरी आठवडेच्या आठवडे आपलं मनापासून ऐकून घेतल्याचा? अंगातला ताप उतरला की माणसाची चिडचिडही कमी होते. त्याला आपण 'स्वभाव बदलला' असं म्हणत नाही.

4) समानुभूती : वाटणं आणि कळणं

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत 'समानुभूती' आहे, हे तुम्ही शाळेत शिकलात. सहानुभूती म्हणजे 'अरेरे, बिचारा' असं वाटणं. समानुभूती म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन त्याचं मन जाणणं. आपल्याकडे म्हणतातच, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. समानुभूती म्हणजे ज्याचं जळत नाही त्यालाही ते कळावं असा प्रयत्न.

मानसशास्त्रज्ञ तिचे दोन भाग करतात.

(अ) भावनिक समानुभूती – दुसऱ्याचं दुःख बघून आपल्यालाही भरून येणं.

(आ) बोधात्मक समानुभूती – समोरच्याला नेमकं काय वाटतंय, का वाटतंय, हे अचूक ओळखणं.

घरातलं उदाहरण घ्या. आई गप्प आहे. तिच्याकडे बघून तुमच्याही पोटात कालवतं, ही झाली भावनिक समानुभूती. ती माझ्यावर रागावलेली नाही, तर मामाच्या आजारपणाची काळजी करते आहे, हे ओळखणं ही बोधात्मक. पहिली आहे आणि दुसरी नाही, असंही होतं. मग आपण रडवेले होऊन तिलाच म्हणतो, "तू माझ्यावर का चिडलीस?" आणि तिच्या काळजीत आपल्या समजुतीची भर घालतो.

आता प्रयोगशाळेत काय दिसलं ते पाहू. बासेलमध्ये 40 निरोगी लोकांवर एलएसडीचा परिणाम तपासला गेला (2016). त्यांना माणसांची छायाचित्रं दाखवली आणि दोन प्रकारचे प्रश्न विचारले: या माणसाला काय वाटतंय, आणि त्याच्याबद्दल तुम्हाला किती वाटतंय? एलएसडीच्या अमलाखाली 'किती वाटतंय' हे वाढलं. लोकांत मिसळावंसं वाटणंही वाढलं. पण 'काय वाटतंय' हे ओळखणं सुधारलं नाही, उलट बिघडलं. घाबरलेले आणि दुःखी चेहरे ओळखताना लोक जास्त चुकले.

झुरिचमध्ये 32 जणांना सिलोसायबिन देऊन असाच अभ्यास झाला (2017). तिथेही भावनिक समानुभूती वाढली, बोधात्मक समानुभूतीत फरक पडला नाही. त्याच अभ्यासात सहभागींना नैतिक पेचप्रसंगही दिले होते. त्यांचे नैतिक निर्णय बदलले नाहीत.

मित्रांनो, आजच्या पाठाचा गाभा इथे आहे. ज्या वेळी माणसाला 'मला सगळे कळले, मी सगळ्यांशी एकरूप झालो' असं वाटत असतं, नेमकं त्याच वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती त्याला कमी दिसत असते. जवळीक वाटणं म्हणजे समजणं नव्हे.

झुरिचचाच आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे (2016). संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ. तीन खेळाडू. हळूहळू बाकीचे दोघं तुमच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. वर्गात कुणी आपल्याला गटात घेत नाही तेव्हा जसं लागतं, तसंच यात लागतं. सिलोसायबिन घेतलेल्यांना ही उपेक्षा कमी टोचली, आणि मेंदूच्या चित्रणातही त्याच्याशी जुळणारा फरक दिसला. मनाला लागलेलं खूप दिवस घेऊन बसणाऱ्या रुग्णांसाठी हे आशेचं असू शकतं. पण स्वतःला कमी टोचणं आणि दुसऱ्याला टोचलेलं जास्त कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

5) इतिहास काय सांगतो?

प्रयोगशाळेतली समानुभूती म्हणजे छायाचित्रांबद्दलची समानुभूती. खऱ्या जगात काय झालं? तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण : कॉनकॉर्डचा तुरुंग. 1961 पासून हार्वर्ड विद्यापीठातल्या टिमथी लिअरी यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड इथल्या तुरुंगात तीसेक कैद्यांना सिलोसायबिन देऊन गटचर्चा घेतल्या. कल्पना अशी की आत्मभान आलं की माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळणार नाही. सुटल्यावर पुन्हा तुरुंगात येणाऱ्यांचं प्रमाण खूपच घटलं, असा दावा झाला आणि तो अनेक वर्षं सांगितला गेला. 1998 मध्ये रिक डोब्लिन यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. दावा टिकला नाही. तुलना करताना दोन गटांचे कालावधीच वेगवेगळे धरले होते. नुकतेच सुटलेले लोक आणि सुटून बराच काळ झालेले लोक यांची तुलना झाली होती. लक्षात घ्या, हे डोब्लिन सायकेडेलिक उपचारांचे विरोधक नव्हेत, मोठे पुरस्कर्ते आहेत. तरी त्यांनी आपल्याच बाजूची चूक उघड केली. विज्ञानातला प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. त्यांचा निष्कर्षही महत्त्वाचा: सुटकेनंतर काम, आधार, सोबत नसेल, तर तुरुंगातल्या एका अनुभवाने आयुष्य बदलत नाही.

दुसरं उदाहरण : मारिया साबिना. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या वाउत्ला दे हिमेनेस या डोंगराळ गावची ही माझातेक समाजातली वैदू. त्या समाजात या अळंब्या आजाऱ्यांसाठी, रात्रीच्या विधीत, प्रार्थना-गाण्यांसह वापरल्या जात. मौज म्हणून नाही, की 'स्वतःचा विकास' म्हणूनही नाही. 1955 मध्ये न्यूयॉर्कचे एक बँक अधिकारी, गॉर्डन वॉसन, तिच्या विधीत सहभागी झाले. 1957 मध्ये त्यांनी 'लाइफ' साप्ताहिकात त्यावर सचित्र लेख लिहिला. लेखात तिचं नाव बदललेलं होतं, तरी ती शोधली गेलीच. मग प्रेम आणि एकात्मता शोधणारे परदेशी तरुण लोंढ्याने त्या गावात येऊ लागले. पाठोपाठ पोलीस आले. गावाने दोष मारियाला दिला. तिचं घर जाळण्यात आलं. सगळ्या विश्वाशी एकरूप व्हायला आलेल्या माणसांना, आपल्या येण्याने समोरच्या बाईचं काय होतंय, ते दिसलं नाही. भावनिक आणि बोधात्मक समानुभूतीतला फरक समजावायला यापेक्षा बोलकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

तिसरं उदाहरण : ओम शिनरिक्यो. जपानमधल्या या पंथाने 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडून निरपराध माणसांचे बळी घेतले. हा पंथ स्वतः एलएसडी बनवत असे आणि दीक्षेच्या वेळी अनुयायांना देत असे. एलएसडीमुळे हा हल्ला झाला असं मी म्हणत नाही. पण 'हे द्रव्य घेतलं की माणूस आपोआप प्रेमळ होतो' हे म्हणणं मात्र याने खोटं ठरतं.

याचं एक कारण प्रयोगशाळेतही सापडतं. इम्पीरियल कॉलेजच्या 2015 च्या एका छोट्या अभ्यासात, एलएसडीच्या अमलाखाली माणसं दुसऱ्याच्या सूचना जास्त सहज मनावर घेतात असं दिसलं. खुलेपणा म्हणजे दार उघडं. उघड्या दारातून वाराही येतो आणि चोरही येतो. शेजारी कोण बसलंय, तो काय सांगतोय, यावर पुष्कळ अवलंबून असतं. जाणकार डॉक्टर असेल तर एक गोष्ट, भोंदू गुरू असेल तर दुसरी. संशोधक याला 'मनाची तयारी आणि परिस्थिती' म्हणतात. मघाशी किल्ली आणि खोलीबद्दल बोललो ते हेच.

6) संशोधनाच्या मर्यादा

परीक्षेत 'संशोधन पद्धती' हा घटक पाठ करता, इथे तो वापरून बघा.

निवड : अशा प्रयोगाला स्वतःहून येणारी माणसं आधीच जिज्ञासू असतात. हॉपकिन्सच्या अभ्यासात बहुतेक जण उच्चशिक्षित होते आणि सगळ्यांचा अध्यात्माकडे कमी-अधिक ओढा होता. त्यांच्यात दिसलेलं सगळ्यांना लागू होईलच असं नाही.

अपेक्षा : औषधाच्या चाचणीत एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे नुसती दिसायला तशी गोळी देतात. कुणाला काय मिळालं हे कुणालाच कळू नये, असा नियम असतो. पण इथे अर्ध्या-एक तासात भिंती हलायला लागल्या की ज्याला त्याला कळतंच. मग 'मी बदलणार' ही अपेक्षाच काम करू लागते. 2021 मध्ये 191 जणांच्या एका अभ्यासात, अत्यल्प मात्रा घेणाऱ्यांनी आपापल्या गोळ्या स्वतःच अशा मिसळल्या की कधी खरी घेतली, कधी रिकामी, ते त्यांनाही समजू नये. ज्यांना खरी मात्रा मिळाली त्यांना बरं वाटलं. ज्यांना प्लासिबो मिळाला त्यांनाही जवळपास तेवढंच बरं वाटलं!

स्वतःची साक्ष : 'मी आता जास्त समजूतदार झालोय' हे आपणच आपल्याबद्दल सांगणं कच्चा पुरावा असतो. समजूतदार झालो की नाही, हे घरच्यांना विचारायचं असतं.

नमुना : बरेच अभ्यास वीस, तीस, पन्नास माणसांचे आहेत. दिशा दाखवायला ते उपयोगी आहेत, निकाल द्यायला नाहीत.

7) धोके आणि कायदा

हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, पण महत्त्वाने शेवटचा नाही.

ज्यांना किंवा ज्यांच्या जवळच्या नातेवाइकांना स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार आहे, त्यांना अशा प्रयोगांत घेतच नाहीत, कारण मनोविकाराचा झटका येण्याचा धोका असतो. काहींना अंमल उतरल्यावरही महिनोन्‌महिने दृष्टीसमोर आकृत्या, रेघोट्या दिसत राहतात. भीतीच्या भरात माणूस रस्त्यावर धावतो, गॅलरीतून उडी मारतो. प्रयोगशाळेत शेजारी दोन जाणकार असतात. पार्टीत शेजारी असतात ते त्याच अवस्थेतले मित्र. शिवाय बाहेर 'एलएसडी' म्हणून जे विकलं जातं, ते एलएसडीच आहे याची खात्री कोण देणार?

भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, एलएसडी आणि सिलोसायबिन बाळगणं, विकणं, सेवन करणं गुन्हा आहे. एलएसडीच्या बाबतीत फक्त 0.1 ग्रॅम हे 'व्यावसायिक प्रमाण' धरलं जातं, म्हणजे मिठाच्या एका चिमटीपेक्षाही कमी. त्याला किमान 10 आणि जास्तीत जास्त 20 वर्षं सश्रम कारावास आहे. गोव्याला सहलीला जाताना 'फक्त एक कागदाचा तुकडा तर आहे' असं म्हणणारा मित्र भेटला, तर हा आकडा आठवा.

जगात उपचार म्हणून काय चाललंय? ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना ठरावीक आजारांसाठी सिलोसायबिन आणि एमडीएमए देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र ऑगस्ट 2024 मध्ये आघातोत्तर तणावासाठीच्या एमडीएमए उपचाराला मंजुरी नाकारली आणि आणखी पुरावा मागितला. म्हणजे दार बंदही नाही आणि सताड उघडंही नाही. उद्या यातून एखादा चांगला उपचार निघालाच, तर तो डॉक्टरांच्या देखरेखीत रुग्णांसाठी असेल.

8) मग समानुभूती वाढते कशाने?

कॅनडातल्या टोरंटोमध्ये 1996 साली मेरी गॉर्डन या शिक्षिकेने एक उपक्रम सुरू केला. शेजारपाजारचं एक तान्हं बाळ आई-वडिलांबरोबर वर्गात येतं, तेही एकदाच नाही, तर वर्षभर ठरावीक आठवड्यांनी. मुलं चटईभोवती बसतात. बाळ का रडलं? भूक लागली, की झोप आली, की आवाजाला घाबरलं? मुलं अंदाज बांधतात, चुकतात, पुन्हा बघतात. वर्षाच्या शेवटी ती त्या बाळाला ओळखू लागतात.

यात काय होतं बघा. वाटणंही होतं आणि कळणंही होतं. अंदाज चुकला तर बाळ लगेच दाखवून देतं. सायकेडेलिक अनुभवात नेमकं हेच नसतं. तिथे 'मला कळलं' असं वाटतं, पण चूक दुरुस्त करायला समोर कुणी नसतं.

त्या मुलाला मी शेवटी एवढंच सांगितलं: "एखाद्या अनुभवाने मन काही काळ मोकळं होऊ शकतं, हे खरं असेल. पण चांगलं होणं हे त्या सहा तासांत होत नाही. ते नंतरच्या सहा वर्षांत होतं, आणि ते तुला आज, काहीही न घेता, सुरू करता येतं. घरी गेल्यावर आईला विचार, आज तुझा दिवस कसा गेला. आणि उत्तर पूर्ण ऐक." दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, विचारलं. आई म्हणाली, तुला बरं नाहीये का?" वर्ग पुन्हा हसला. मीही हसलो. पण सुरुवात झाली होती.

(तुम्ही किंवा तुमचा मित्र नशेच्या किंवा मानसिक त्रासात असाल, तर लपवू नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. शिक्षकांशी, घरच्यांशी बोला.)

सारांश

- सायकेडेलिक अनुभव ही अवस्था आहे. तिचं गुणात रूपांतर होईलच असं नाही.
- काही अभ्यासांत 'अनुभवांविषयी खुलेपणा' वाढलेला दिसतो, पण सर्वांत नाही आणि सर्व अभ्यासांत नाही.
- भावनिक समानुभूती तात्पुरती वाढते. बोधात्मक समानुभूती वाढत नाही, कधी घटते.
- परिणाम द्रव्यापेक्षा तयारी, परिस्थिती आणि नंतरचा आधार यांवर बराच अवलंबून असतो.
- भारतात ही द्रव्ये बेकायदेशीर आहेत आणि देखरेखीशिवाय धोकादायक आहेत.

स्वाध्याय

1. अवस्था आणि गुण यांतला फरक तुमच्या वर्गातल्या एका उदाहरणाने स्पष्ट करा.
2. कॉनकॉर्डच्या प्रयोगातील तुलना का चुकीची होती?
3. 'जवळीक वाटणं म्हणजे समजणं नव्हे.' मारिया साबिनाच्या उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.
4. सायकेडेलिक संशोधनात प्लासिबो वापरणे अवघड का जाते?
5. उपक्रम : घरातल्या एका व्यक्तीला आज काय वाटलं असेल याचा अंदाज वहीत लिहा. मग त्या व्यक्तीला विचारा. अंदाज किती बरोबर आला ते आठवडाभर नोंदवा.